कचऱ्याच्या डब्यातली जात

गेल्या ५ जूनला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पर्यावरण दिनाचा संदेश आला. कापडी पिशवी वापरा, शॉवरऐवजी बादलीनं अंघोळ करा, जुने कपडे टाकून देऊ नका, नळ वाहता ठेवू नका. वाचून हसू आलं. हे सगळं माझी आई आयुष्यभर करत आली, फक्त त्याला कुणी पर्यावरण म्हटलं नाही. लुगड्याची गोधडी झाली, गोधडीचं पोतेरं झालं. भांडी विसळलेलं पाणी अळूला गेलं. वस्तीला एकच नळ होता, त्याला रांग होती. पाणी वाया घालवायला आधी ते मिळावं लागतं. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करून पाण्याला हात लावावा लागला, त्याला नळ बंद करण्याचे धडे देऊ नका, असं मी ग्रुपवर लिहिलं. दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, एकानं ग्रुप सोडला.

इथवर माझी बाजू भक्कम होती.

चार दिवसांनी कचरा न्यायला येणाऱ्या ताई दारात थांबल्या. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. "दादा, दाढीचं ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं देत जा. काल तुमच्याच पिशवीत होतं." त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोवर गेली. "जय भीम," म्हणाल्या आणि डबा घेऊन खाली गेल्या. टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

मित्रहो, आपल्यातले बरेच जण म्हणतात की पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं फॅड आहे. यात अर्धं तथ्य आहे. कारखाने नदीत काय सोडतात याचा हिशोब गृहिणीच्या कापडी पिशवीकडे मागणं ही लबाडीच आहे. पण उरलेलं अर्धं आपल्याला चटके देणारं आहे. मुंबईची देवनार कचराभूमी १९२७ पासूनची, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षाची. ती कुणाच्या बंगल्याशेजारी नाही, गोवंडीच्या वस्त्यांशेजारी आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली, तेव्हा अनेक दिवस धूर छातीत भरून घेतला तो तिथल्याच लेकरांनी. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन तयार होतो, आणि तो पेट घेतो. त्या ढिगात माझ्या घरातल्या भाजीच्या देठांची भर पडते, तुमच्याही.

त्याआधी तो कचरा हातानं निवडला जातो. कुणाच्या हातानं? पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी आपली कष्टकरी पंचायत उभी केली, पुढं २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. त्यात बहुसंख्य दलित बायका आहेत. हा योगायोग नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की जात म्हणजे नुसती कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे. मी तो मुद्दा किती भाषणांत मांडला असेल! आणि घरी रोज रात्री डाळ, ब्लेड, कागद, पॅड एका पिशवीत कोंबून गाठ मारत होतो. गाठ मारली की माझं काम संपलं, पुढचं तिचं. ही मनुवादी सवयच आहे, दुसरं नाव मला सुचत नाही.

घरातूनच कचरा वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही होतं. पण मला नियमापेक्षा ताईंनी जास्त शिकवलं. डाळ लागलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही, कोरड्याला देतो. म्हणजे आपण कचरा एकत्र केला की त्यांची मजुरी कापतो. दुधाची पिशवी धुऊन वाळवून द्यायची. कापताना तिचा कोपरा तोडून टाकायचा नाही, तो बारीक तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कुणी ते उघडत नाही. ब्लेडसाठी जुना पत्र्याचा डबा. फुटकी काच पुठ्ठ्यात. ओल्यासाठी गॅलरीत भोकं पाडलेली बादली ठेवली आहे, प्रत्येक थरावर वाळका पाला. पहिल्या महिन्यात तिला वास सुटला, कारण मी पाला घालायलाच विसरायचो.

आणखी एक कबुली. सुरुवातीला मी हे सगळं ठरवलं आणि करायला बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ताईंचं ओझं उतरवून माझ्या डोक्यावर." तेव्हापासून डबा माझ्याकडे आहे.

यंदा आमच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय काढला. १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक पुढं जाते आणि मागं सरबताच्या ग्लासांचा खच उरतो. तो पहाटे कोण झाडतं, हे प्रत्येकाला माहीत होतं, कारण दोघातिघांच्या घरचीच माणसं सफाई खात्यात आहेत. कागदी ग्लास घेऊ, असं एक जण म्हणाला. पण त्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतो. शेवटी स्टीलचे ग्लास भाड्यानं आणायचं ठरलं. लगेच दुसरा म्हणाला, "धुवायला महिला मंडळाला सांगू." बैठकीत बसलेल्या एका पोरीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ग्लास तीनशे होते. मंडळाच्या सहा कार्यकर्त्यांनी नळावर बसून रात्री दोनपर्यंत ते धुतले, त्यात मीही होतो. अकरा ग्लास हरवले, त्याचे पैसे अजून भरायचे आहेत.