नीरेच्या अलीकडं की पलीकडं?

बारामती की फलटण, हा प्रश्न आमच्या घरात निघाला तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या चहाच्या आत मिटेल. पणदऱ्याच्या घराच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपेनाशा झालेल्या, यांची नोकरी संपलेली, मुलं पुण्यात. म्हातारपणी दवाखाना रिक्षानं गाठता यावा, एवढीच आमची मागणी. इंदापूर दोघांनाही लांब वाटलं, ते पहिल्याच मिनिटाला बाद. उरली दोन गावं. पणदरे पडतं नीरा-बारामती रस्त्यावर, सगळा बाजारहाट तिकडचा, म्हणून यांना बारामती. माझं माहेर फलटण तालुक्यातलं, म्हणून मला फलटण. म्हणजे अभ्यासाला बसायच्या आधीच दोघांनी आपापली उत्तरं लिहून ठेवलेली.

तरी रीतसर व्हावं म्हणून मी वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले. यांनी पहिली ओळ सांगितली, तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला असते. मी लगेच पलीकडच्या रकान्यात लिहिलं, माउलींची फलटणला असते. मग यांनी मोरोपंत काढले. आयुष्याचा बराच काळ बारामतीत राहून आर्या लिहिल्या म्हणे. मी सईबाई काढल्या. फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, शिवरायांची राणी. यांनी बाबूजी नाइकांचा वाडा सांगितला, मी मुधोजी राजवाडा आणि राममंदिर सांगितलं. रात्री मुलीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, घर घ्यायचंय की सहल काढायचीय? नळाला पाणी कधी येतं ते विचारलंस का?" विचारलं नव्हतं.

मग पाण्याच्या मागे लागले. माझी समजूत अशी की बारामतीला कऱ्हेचं पाणी आणि फलटणला बाणगंगेचं, कारण नद्या गावातून जातात. एका पाटकऱ्यानं समजूत घातली. दोन्ही गावांची भिस्त नीरेच्या कालव्यांवर. वीर धरणातून दोन कालवे निघतात. डावा इंग्रजांच्या काळातला, १८८५ च्या सुमाराचा. तो आमच्या भागातून बारामती-इंदापूरकडं जातो. उजवा फलटण-माळशिरसकडं जातो. दोघांच्याही पाठीशी वरचं भाटघर. वरती पाऊस झाला नाही तर दोन्हीकडं सारखीच ओरड. पाण्यावरून गाव निवडायला निघालेली मी एकाच धरणाच्या दोन तोट्यांपाशी येऊन पोचले होते. वहीतली ती ओळ दोन्ही रकान्यांत सारखीच लिहावी लागली.

पहिला फ्लॅट बघितला फलटणला, कोळकीत. दादा आणि वहिनी सोबत. बिल्डरचा पोरगा चुणचुणीत, "साडेनऊशे स्क्वेअर फूट, काकू," म्हणाला. मी समजल्यासारखी मान हलवली. वहिनीनं विचारलं, "कार्पेट किती?" मी खाली बघितलं. फरशी होती, गालिचा नव्हता. पण हा प्रश्न ऐकल्यावर पोराचा आवाज बारीक झाला, आणि साडेनऊशेचे सातशेच्या खाली आले. बाकीचं कुठं गेलं? भिंतींत, जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात. कागदावर याला चटई क्षेत्र म्हणतात. आपल्या शब्दांत, दार लावून घेतल्यावर आत पाय टेकायला जेवढी जागा मिळते तेवढी. महारेरा म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण; त्याच्या नियमानं दर तेवढ्याचाच धरायचा, जिन्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत. आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांचा असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. मी तो क्रमांक मागितला तेव्हा वहिनी माझ्याकडं बघून हसली, कारण तो पाठीमागच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेला होता.

निघताना सहज विचारलं, नगरपालिकेची घरपट्टी किती येईल? पोरगा म्हणाला, "कोळकीला ग्रामपंचायत आहे ना काकू." फलटणला खेटून, रस्ता कुठं संपतो ते कळत नाही, पण कारभार वेगळा. म्हणजे आयुष्य एका सरपंचाच्या गावात काढून मी शहरात राहायला निघाले होते, दुसऱ्या सरपंचाच्या गावात.

बारामतीत उलटं झालं. जळोचीकडं गेलो तर मोकळी रानं आणि मधेच इमारती. मी म्हटलं, हे काय गावच आहे. तर ती नगरपरिषदेची हद्द निघाली. एजंटनं दोन बांधलेली घरं दाखवली, दोन्ही आमच्या ऐपतीबाहेरची. आमचे चेहरे बघून तो हद्दीबाहेर घेऊन गेला आणि दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. इथं मला जोर आला. गुंठा मला कळतो. १०८९ स्क्वेअर फुटांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, हे लग्नाआधीपासून पाठ. मी ऐटीत म्हणाले, "सातबारा दाखवा." त्यानं दाखवला. त्यावर ही लांबलचक नावांची रांग, सगळी सामायिक, आणि आमचे दोन गुंठे त्यात नेमके कुठले याचा पत्ता नाही. एजंट म्हणाला, "आत्ता नोटरी करून घ्या, नाव नंतर लागतं." हे तलाठ्यांकडं गेले, तेव्हा तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा कळला. शेतजमिनीचे वाटेल तसे बारके तुकडे पाडून विकता येत नाहीत; बिगरशेती झालेला मंजूर लेआउट असला तर गोष्ट वेगळी. नोटरीच्या कागदावर सातबाऱ्याला नाव लागत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. इतकी वर्षं सातबारा हाताळला, पण मी त्यावर फक्त यांचं नाव बघून घडी घालत आले होते.

त्याच एजंटनं एक कामाची गोष्ट मात्र सांगितली. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. मोकळ्या प्लॉटला नाही, राहत्या घराला. "काकूंच्या नावावर करा की," तो यांना म्हणाला. हे गप्प झाले. मीही गप्प झाले, पण माझं गप्प राहणं वेगळं होतं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या नावावर एक गॅसची टाकी आहे. बारामती की फलटण हा वाद मला त्या क्षणी एकदम बारका वाटायला लागला. घरी आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर मी माझं पूर्ण नाव लिहून बघितलं आणि यांनी ते बघितलं.

रेल्वेचं फार लिहीत नाही. बारामतीला गाडी १९१४ पासून, दौंडवरून. फलटणहून पुण्याला थेट गाडी २०२१ मध्ये सुरू झाली, लोणंदवरून. आम्ही दोघंही जातो एस.टी.नं.

गाडं अडलं ते भलतीकडंच. दादाला म्हटलं, फलटणला आलो तर रेशनकार्ड, मतदारयादी सगळं बदलावं लागेल ना? तो म्हणाला, "अक्का, जिल्हाच बदलतो." सांगवीला नीरेच्या पुलावरून मी किती वेळा माहेरी गेले असेन, पण पलीकडं सोमंथळीपासून सातारा जिल्हा लागतो हे कधी मनाला शिवलं नव्हतं. माणसं सातारची होणार. आमचं पणदऱ्याचं शेत मात्र पुणे जिल्ह्यात. शेताचा फेरफार असो, मोजणी असो, यायचं बारामतीच्या तहसीललाच. सोसायटीचं कर्ज पणदऱ्यात. मी नीरेकडं कायम माहेरची वाट म्हणून बघत आले. सरकारच्या नकाशात ती हद्द आहे.

मग यांनी इतके दिवस न बोललेली गोष्ट काढली. "कालव्याची पाळी रात्री दोनला आली, तर दारं धरायला कोण जाणार?" ऊस अजून हेच बघतात. आवर्तन सुटलं की आपली पाळी येईल तेव्हा पाणी घ्यायचं, दिवस असो की रात्र. चुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत उसाकडं नुसतं बघत बसायचं. वहीत दवाखाने होते, सरकारी मेडिकल कॉलेज होतं, भाजी मंडई होती, पालख्या होत्या. रात्रीचे दोन कुठल्याच रकान्यात नव्हते. माझी अंतरं सगळी दिवसाची होती.

तेव्हा बारामती. पण विकत नाही, भाड्यानं, अकरा महिन्यांच्या करारावर, तळमजला. कराराला माणूस अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन घरी आला. यांचा अंगठा लगेच लागला, माझा लागेना. खुरपं धरून रेषा गेल्यात, असं तो म्हणाला. मग एकेक बोट लावून बघितलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं चाललं. घरमालकीण तोवर चहा घेऊन आली होती आणि माझ्या बोटांकडं बघत उभी होती.

परवा वहिनीचा फोन आला. कोळकीत त्याच बिल्डरनं भाव उतरवलाय, तळमजल्याचा एक शिल्लक आहे, दोन गुंठ्यांच्या भानगडीपेक्षा बरा. हे शेजारीच पेपर वाचत होते. मी म्हटलं, "कार्पेट किती म्हणतोय?" यांनी पेपर खाली ठेवला.