सोवळ्यातली बिअर

स्वतःसाठी वस्तू निवडताना माणसाला वस्तू पाहावी लागते. दुसऱ्यासाठी निवडताना तो दुसरा माणूस पाहावा लागतो. म्हणूनच स्वतःची छत्री आपण पाच मिनिटांत घेऊन येतो आणि बहिणीचे लुगडे घ्यायला सारी दुपार जाते. त्यातून निवडायची वस्तू अशी असली की जिच्यातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, मग तर बोलायलाच नको! गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी महिनाभर, इंग्लंडातल्या डर्बी या गावी, माझ्यावर अशी एक निवड करण्याची पाळी आली. मला निवडायचा होता घरच्या घरी बिअर करण्याच्या साहित्याचा संच.

मी बिअर पीत नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला 1949 साली, आणि माझा जन्म त्यानंतरचा. ज्या घरात मी वाढलो तिथे 'दारू' हा शब्द फक्त दिवाळीत उच्चारला जाई, आणि तोही शोभेच्या दारूसाठी. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. इंग्लंडात मात्र 1963 साली तिथल्या अर्थमंत्र्यांनी, रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी, घरगुती बिअरला लागणारा परवाना काढून टाकला. पुढे 1970 नंतरच्या वर्षांत तर औषधांच्या दुकानातही तिचे डबे मिळत असत, असे जावई सांगत होते. खोकल्याचे औषध आणि बिअरचे साहित्य एकाच पिशवीतून घरी येत असेल, या कल्पनेची मला मोठी मौज वाटली.

संच हवा होता आमच्या व्याह्यांसाठी. माझी मुलगी डर्बीला असते, जावई तिथलेच. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षे फिटर होते. आदल्या हिवाळ्यात आमच्या विहीणबाई गेल्या, आणि तेव्हापासून हा उंचापुरा गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे. बागेत गवत माजले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान कुणी उलटले नाही. आम्ही भेटायला गेलो की चहा करीत, हवेविषयी चार वाक्ये बोलत, आणि पुन्हा खिडकीकडे पाहू लागत. एकदा मात्र सहज बोलून गेले, "माझे वडील घरी बिअर करीत. मला कधी सवड झाली नाही." मुलीने ते ध्यानात ठेवले. सत्तराव्या वाढदिवसाला काय द्यायचे, याचे उत्तर तिला मिळाले होते.

उत्तर मिळाले खरे, पण रात्री तिला झोप येईना. स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून आली आणि मला म्हणाली, "बाबा, एकट्या माणसाच्या हातात आपण हे द्यावे का? दुःखात माणूस पितो. उद्या खुर्चीशेजारी बाटल्यांची रांग लागली तर?" 

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानात मी तिच्याबरोबर गेलो तो हा प्रश्न घेऊनच.

दुकानदार मोठा बोलका होता. त्याने आमच्यापुढे तीन संच मांडले. पहिला सर्वांत स्वस्त आणि सोपा. एका डब्यात दीड-पावणेदोन किलो दाट काकवीसारखा अर्क. तो गरम पाण्यात कालवायचा, वर किलोभर साखर घालायची, थंड पाणी ओतून तेवीस लिटर करायचे, पुडीतले यीस्ट भुरभुरवायचे, आणि झाकण लावून मोकळे व्हायचे! अर्ध्या तासाचे काम, आणि बिअर किती, तर चाळीस पाइंट. दुसऱ्या संचात तसाच अर्क तीन किलो, म्हणून साखरेची गरज नाही. चव अधिक भरदार. याच्या खोक्यावर लिहिले होते 'इंडिया पेल एल'.

आपल्या देशाचे नाव पाहून मी थबकलो. दुकानदाराची कळी खुलली. डर्बीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर बर्टन-अपॉन-ट्रेंट नावाचे गाव आहे. तिथल्या विहिरींचे पाणी जिप्सममुळे जड, आणि कडवट, फिकट रंगाच्या बिअरला नेमके मानवणारे. त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांना लंडनहून बिअर जाई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा प्रवास, म्हणून टिकावी यासाठी तिच्यात हॉप्सची फुले सढळ हाताने घालीत. 1820 नंतर बर्टनच्या सॅम्युएल ऑलसप यांनी तशी बिअर करायचे मनावर घेतले, आणि तिचा पहिला नमुना म्हणे त्यांच्या माणसाने चहाच्या किटलीत करून पाहिला! गोष्ट खरी असो की रचलेली, मला ती आवडली. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या त्या पिंपांचे मूळ एका घरगुती किटलीत असावे, हे ऐकून घरगुती उद्योगाविषयीचा माझा आदर वाढला.

तिसरा संच दुकानदाराने जरा नाखुशीनेच पुढे केला. त्यात अर्क नव्हताच. किलोभर भरडलेले सातू, हॉप्सची पुडी, यीस्ट, एक उष्णतामापक आणि काचेची बरणी. "यात दिवस मोडतो," तो म्हणाला. "आणि एवढे करून बिअर मिळते साडेचार लिटर, फक्त आठ पाइंट. नवख्याने याच्या वाटेला जाऊ नये."

आतापर्यंत आमची ही एका बाजूला उभी राहून मुकाट्याने ऐकत होती. तिने ते सातू हातात घेऊन पाहिले, दोन दाणे दाताखाली चावले, आणि म्हणाली, "अहो, हे तर मोड आणून वाळवलेले आहेत. आपण नाचणीचे सत्त्व करतो तसे!"

आणि ते खरेच होते. धान्य भिजवायचे, मोड आले की वाळवायचे, भाजायचे आणि भरडायचे, याला इकडे माल्टिंग म्हणतात. आमच्या घरी ते पंचात बांधून होते, एवढाच फरक. हिने मग मुलीकरवी दुकानदाराला पुढचे सारे विचारून घेतले. सातू 67 अंशांच्या आसपास तासभर पाण्यात ठेवायचे. त्या उष्णतेला पिठूळपणाची साखर होते. पाणी निथळून घ्यायचे, हॉप्स घालून तासभर उकळायचे, झटपट निववायचे आणि यीस्ट घालायचे. उकळल्यानंतर मात्र ज्या ज्या वस्तूचा त्या रसाला स्पर्श होणार ती ती निर्जंतुक हवी. "म्हणजे सोवळे," ही म्हणाली. मग दोन आठवडे आंबवण, मग बाटल्यांत भरून वर आणखी दोन आठवडे. घाई केली तर बाटल्या फुटतात. "अनारशाचे पीठही असेच. घाई केली की तुपात हसते."

मग तिने निकाल दिला. "हाच घ्या. ज्यात कष्ट फार आणि पिणे थोडे, तोच त्यांना द्यावा."

मुलीचा प्रश्न एका वाक्यात सुटला होता. मला मात्र नंतर पुष्कळ वेळ वाटत राहिले की या वाक्यात बिअरपेक्षा मोठे काहीतरी आहे. दुकानातली प्रत्येक वस्तू आपल्याला सांगत असते की मी तुमचे श्रम वाचवीन, वेळ वाचवीन. ज्याला वेळ पुरत नाही त्याला ती खरीच उपकारक. पण ज्याच्या पुढ्यात वेळ हाच डोंगरासारखा उभा आहे, त्याचा वेळ वाचवून आपण त्याच्यावर कोणते उपकार करणार? अर्ध्या तासात चाळीस पाइंट देणारा डबा त्याला प्यायला लावील. सारा दिवस राबवून आठ पाइंट देणारा संच त्याला वाट पाहायला लावील.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी मला बोलावले. रस उकळायला मोठे भांडे हवे होते. ते बराच वेळ कपाटापाशी उभे राहिले, आणि मग विहीणबाईंचे मुरांबा करायचे पितळी पातेले त्यांनी बाहेर काढले. संचाबरोबरच्या कागदावर नेमके लिहिले होते की तांब्या-पितळेचे भांडे घ्यायचे तर ते लख्ख असावे. तेव्हा व्याही बाह्या सारून पातेले घासायला बसले. मी उष्णतामापक धरून शेगडीपाशी. काटा 67 वर ठेवायचे काम त्या फिटरला मानवले. अंश दीड अंश चढला की ते माझ्याकडे असे पाहात, जणू मी कारखान्यातला उमेदवार! त्या तासाभरात हवेचा विषय निघालाच नाही. पातेल्याविषयी बोलता बोलता ते बाईंविषयी बोलले, तिच्या संत्र्याच्या मुरांब्याविषयी, साखर लागू नये म्हणून ती ढवळत असे त्याविषयी. मी ढवळत होतो.

1516 साली बव्हेरियात बिअरविषयी एक कायदा झाला: सातू, हॉप्स आणि पाणी, यांखेरीज तिच्यात काही घालू नये. त्यात यीस्टचा उल्लेखही नाही, कारण ते काय काम करते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. लुई पाश्चरने बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो 1876 साली. तोवरच्या शतकांत बिअर होतच होती. जे काम चालू आहे ते दिसलेच पाहिजे असे नाही, हे विरजण लावणाऱ्या आपल्या बायकांना काही ग्रंथ लिहून सांगावे लागले नव्हते.

त्या दिवशी निघताना मी पाहिले: व्याह्यांनी कॅलेंडरची मागली सारी पाने उलटली, दोन आठवडे मोजून एक फुली केली आणि आणखी दोन आठवडे मोजून दुसरी. दुसरी फुली आमच्या दिवाळीच्या तोंडावर येत होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते आले, ते हातात एक बाटली घेऊन. बिअर जावयांनी चाखली आणि म्हणाले, "कडू आहे, पण झकास आहे." मी नुसता वास घेतला, भाजलेल्या धान्याचा होता. व्याह्यांनी तीन अनारसे खाल्ले, त्यांतला एक हसलेला. उरलेल्या बाटल्यांचे काय, असे मुलीने जपून विचारले. घरच्या बिअरची विक्री करायला तिथला कायदा परवानगी देत नाही. "विकता येत नाही, म्हणून वाटल्या," ते म्हणाले. दोन शेजाऱ्यांना, तीन कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना. एक आज इथे. घरी राहिल्या दोन.

हिने माझ्याकडे पाहिले. ओट्यावर शेजारी द्यायची फराळाची ताटे रुमालाखाली झाकून ठेवलेली होती. तिने त्यांतले एक उचलून व्याह्यांच्या हाती दिले आणि डाव्या हाताचे घर दाखवले. ते ताट सांभाळीत, मान ताठ ठेवून, अंगणातल्या पणत्यांच्या मधून निघाले.