मुरू द्या की

सोलापुरातल्या एका एमआरआय सेंटरमधल्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम वर्षभरापासून एक नवीच गोष्ट करू लागल्या आहेत. पेशंट मशीनमध्ये असतो, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट औषध शिरेत गेलेलं असतं, आणि मॅडम कन्सोलपाशी नुसत्या घड्याळ बघत बसतात. हे त्यांना शिकवलं त्यांच्या निम्म्या वयाच्या टेक्निशियनने. "लगेच टी-वन नको मॅडम, आधी टी-टू घेतो. तोवर मुरू द्या की."

लोणच्याचा शब्द गॅडोला लावलेला ऐकून त्या हसल्या होत्या. शब्द मात्र चपखल होता. मेंदूतल्या वाहिन्यांचा पडदा शाबूत असेल तर औषध आतच राहतं. जिथे तो मोडला, तिथे पाझरतं. मोठी गाठ लगेच उजळते. दोन-तीन मिलिमीटरच्या मेटॅस्टॅसिसचं, म्हणजे दुसरीकडच्या कर्करोगातून पसरलेल्या गाठीचं, तसं नसतं, तिथे पाझर मंद असतो. हा उजळपणा टी-वन चित्रांत दिसतो; टी-टू चित्रांवर गॅडोचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून थांबायची मिनिटं त्यात सत्कारणी लागतात. पण मिनिटं किती? पाच? दहा? त्याहून जास्त? एकदा त्यांनी एकाच पेशंटचे तीन वेळा टी-वन घेतले आणि रात्री घरी ते शेजारी शेजारी लावून बसल्या. तिसऱ्यात कडा जास्त भरलेली वाटली. की वाटावी अशी इच्छा होती? बाहेर बाकावर चार पेशंट आणि दर अर्ध्या तासाला एक स्लॉट असताना हा प्रश्न पडणंही चैनीचंच.

तरुणपणी मॅडमनी या प्रश्नावर सोपी पळवाट काढली होती. थांबायचं नसेल तर डोस वाढवायचा. किलोला ०.१ मिलिमोल हा नेहमीचा हिशेब, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ मिली. मेटॅस्टॅसिस शोधायला त्याच्या तिप्पट देऊन केलेले अभ्यास १९९०च्या दशकात प्रसिद्ध झालेच होते; मॅडम दुप्पट देत. गाठी दिव्यासारख्या दिसत. त्या स्लाइड परिषदांत दाखवताना त्या सभागृहात दिवे मुद्दाम पूर्ण घालवायला सांगत, हे त्या आता स्वतःच सांगतात.

मग २०१४ साली जपानच्या तोमोनोरी कांडा यांचा शोधनिबंध आला. वारंवार गॅडो दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत, डेंटेट न्यूक्लियस आणि ग्लोबस पॅलिडसमध्ये, साध्या टी-वनवरच पांढरेपणा दिसत होता. औषध पूर्ण बाहेर पडत नव्हतं. २०१७ मध्ये युरोपने लिनियर प्रकारच्या बऱ्याच औषधांचा शिरेतला वापर थांबवला. त्या साठ्याने मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, हे मॅडमना माहीत आहे. तरी जुना पेशंट फॉलोअपला आला की त्या आधी डेंटेटकडे बघतात.

इतर सेंटरांविषयी त्यांचं मत खारट आहे. सुई काढायच्या आत टी-वन मारायचा आणि रिंग दिसली की तयार मजकुरातून 'ट्युबरक्युलोमा', म्हणजे टीबीची गाठ, चिकटवायचा! १९८०च्या दशकाअखेर वेल्लोरच्या वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी फिट येणाऱ्या रुग्णांतल्या अशा एकेकट्या छोट्या गाठी काढून तपासल्या, तेव्हा बऱ्याच टेपवर्मच्या अळीच्या निघाल्या. तोपर्यंत लोक टीबीच्या गोळ्या खात होते. कडा उजळली म्हणजे पडदा मोडला, एवढंच कळतं. कोणी मोडला ते नाही.

असं ठणकावून सांगणाऱ्या मॅडमनीच गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाच्या एका बाईंचा टी-वन घाईने बघून 'एकच गाठ, उजवा फ्रंटल' असं तोंडी सांगून टाकलं. एकच म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. नातेवाईक सर्जनना फोन लावायला बाहेर गेले. टेक्निशियनने पेशंटला टेबलावरून उतरवलं नव्हतं. आणखी काही मिनिटांनी त्याने पुन्हा टी-वन घेतला. लहान मेंदूत डाव्या बाजूला एक ठिपका. मॅडम म्हणाल्या, "व्हेसल आहे." तो काही बोलला नाही, माऊसचं चाक फिरवत राहिला. वाहिनी असती तर पुढच्या कापात सरकली असती. ठिपका दोन कापांत होता, तिसऱ्यात नव्हता.

रिपोर्टमध्ये दोन गाठी गेल्या. खाली सही मॅडमची. टेक्निशियनचं नाव लिहायला रकाना नसतो, असं त्या म्हणतात. सहीच्या खाली अर्धं पान कोरं होतं, हेही त्याच सांगतात.