फिनिश भाषेची पहिली वाक्ये

फिनलंडला निघाले तेव्हा 'पंधरा विभक्तींची भाषा' म्हणून अनेकांनी धास्ती घातली होती. वृद्धाश्रमात परिचारिकेचे काम करायचे, तर ती भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्यास ती जितकी दुर्गम वाटते, तितकी मराठी माणसास वाटू नये, असे माझे मत झाले आहे.

'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. 'कातु' म्हणजे रस्ता. 'रस्त्यावर' म्हणताना त्याचे 'कादुल्ला' होते. आपल्याकडे 'रस्ता'चे 'रस्त्या' होते, त्याच जातीचा हा बदल. प्रश्न करताना क्रियापदाला 'को' लागतो: 'ओन' म्हणजे आहे, 'ओन्को' म्हणजे आहे का? कर्ता क्रियापदातच सामावतो. 'मेनेन' एवढ्यानेच 'मी जाते' हे कळते. आपल्या शाळेत पाली शिकविताना गुरुजी 'गच्छामि'तील 'मि' असाच वेगळा काढून दाखवीत. नकारालाही पुरुष असतो: एन, एत, एइ, म्हणजे मी नाही, तू नाहीस, तो नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे वळण मात्र कडक आहे. 'तुलि' अग्नी, 'तूलि' वारा, 'तुल्लि' जकात!

खरी कसोटी कर्माच्या रूपात. 'लुएन किर्यान' म्हणजे पुस्तक वाचून पूर्ण करीन. 'लुएन किर्याआ' म्हणजे वाचते आहे, संपेलच असे नाही. येथे मराठीची पुण्याई संपते आणि पाठांतर सुरू होते.

इंग्रजी 'हॅव'सारखे स्वतंत्र क्रियापद या भाषेत नाही. 'मिनुल्ला ओन किपुआ', माझ्यापाशी वेदना आहे. वेदना नसेल तर 'मिनुल्ला एइ ओले किपुआ'. मध्यरात्री क्षीण आवाजात आलेल्या वाक्यातील 'ओन' आणि 'एइ ओले' यांतला फरक कानाने टिपला, तरच डॉक्टरांना उठवायचे की नाही हे ठरते. त्यात वृद्ध मंडळी पुस्तकी 'मिनुल्ला' न म्हणता 'मुल्ला' म्हणतात. कुणी त्यास अशुद्ध म्हणत नाही. आमच्या बोलीवरून शहरात हसणारे मला तेव्हा आठवतात.

या भाषेनेही उपेक्षा भोगली आहे. मिकाएल आग्रिकोला यांनी 1543 मध्ये तिची पहिली अक्षरपुस्तिका छापली, तरी कारभार आणि उच्च शिक्षण दीर्घकाळ स्वीडिशमध्येच चालले. फिनिश राहिली शेतकऱ्यांची, नोकरचाकरांची. 1863 च्या फर्मानाने वीस वर्षांच्या मुदतीत तिला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचे ठरले.

रात्रीच्या नोंदवहीत मी लिहिते, 'हॅनेल्लॅ ओन किपुआ'. 'हॅन' म्हणजे तो आणि तीही. सर्वनामाला लिंगच नाही. खाली वेळ, औषध आणि माझी सही. सहीतील आडनाव वाचून येथे कुणी गाव विचारीत नाही.