तीन गांवें आणि जगाचे प्रश्न

जगांतील चालू प्रश्न हा आतां विद्यापीठांतील अभ्यासाचा विषय झाला आहे. निर्वासित, नद्यांचें प्रदूषण, वाढते पूर हीं प्रकरणें विद्यार्थी ग्रंथांतून वाचतात, तें योग्यच होय. परंतु कल्याणहून कर्जतच्या गाडींत बसावें, म्हणजे हीं तिन्ही ओळीनें दृष्टीस पडतात.

प्रथम उल्हासनगर. महायुद्धकालीन लष्करी छावणींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला. १९४९ सालीं वसाहतीस हें नांव लाभलें. तेथील वस्त्यांस लोक अद्यापि ‘कॅम्प’च म्हणतात.

पुढें अंबरनाथ. शके ९८२ मधील शिलालेख असलेलें तेथील शिवालय पाहून आम्ही तृप्त झालों. परंतु लगतच्या वालधुनी नदींत पाय बुडविण्याचें धैर्य होईना, इतकें तींत कारखान्यांचें सांडपाणी मिसळलें आहे.

त्यापुढें बदलापूर. २७ जुलै २०१९ रोजीं तेथून वांगणीच्या वाटेवर महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि हजारावर उतारूंची सुटका करावी लागली. एका पुरावरून हवामानाचा निर्णय करूं नये. पण नदीकांठीं किती बांधावें, हा प्रश्न तेथें टाळतां येत नाहीं.

१९८६ च्या विषारी दुर्घटनेनंतर ऱ्हाईन नदी तीरावरील राष्ट्रांनीं मिळून सुधारली, हें ग्रंथ सांगतील. ती विद्या वालधुनीस कशी लावावी, हें मात्र तिच्या कांठींच शिकलें पाहिजे. ज्या घरचीं मुलें हा विषय घेतील, त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांस एक दिवस या गाडींत अवश्य बसवावें.