दवंडी आणि चौकट

दवंडी पिटणारा कोतवाल आधी हलगी वाजवी, मग बोले. हलगीने कान वळत, शब्दांनी काम कळे. संगणकाच्या पडद्यावर अवचित उगवणारी सूचनेची चौकट, म्हणजे पॉपअप, या दवंडीचीच वारस. फरक इतकाच की दवंडी ऐकताना हातातले काम सोडावे लागत नसे.

या चौकटी मुख्यतः दोन प्रकारच्या. ‘मोडल’ वाट अडवते आणि उत्तर मिळेपर्यंत हटत नाही. ‘टोस्ट’ टोस्टरमधल्या पावासारखी कोपऱ्यात वर येते आणि काही क्षणांत विरते. ‘माहिती जतन झाली’ एवढे सांगायला दुसरी पुरते. पहिली राखून ठेवायची ती पुन्हा न फिरणाऱ्या कृतीसाठी. ऊठसूट वाट अडवली, की माणसे न वाचताच बटण दाबू लागतात. मग ‘लांडगा आला रे’ ही हाक खरी असली तरी वाया जाते.

आम्हां भाषेच्या शिक्षकांना याचे काय? आमच्या वर्गांत अकोल्यापासून जामखेडपर्यंतची मुले येतात. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज ती मोबाइलवर भरतात. तिथे चौकट विचारते : ‘आपण अर्ज रद्द करू इच्छिता?’ खाली दोन बटणे : ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ म्हणजे अर्ज रद्द करा, की रद्द करण्याचा बेत रद्द करा? इंग्रजीतल्या ‘कॅन्सल’चा हा पेच अनुवादात जसाच्या तसा उतरला. ‘कन्फर्म’ ही ब्राउझरची तयार चौकट वापरली, तर बटणांवरचे शब्द संकेतस्थळाला बदलताही येत नाहीत. स्वतःची चौकट रचून ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज राहू द्या’ असे लिहिले, तर प्रश्न न वाचणाऱ्यालाही उत्तर कळते.

पडदा न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, हाही प्रश्न आहेच. 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुलभतेच्या निकषांनी सांगितले, की अशी स्थितिदर्शक सूचना वाचकाला कामावरून न हलवता त्याच्या पडदावाचकापर्यंत पोचावी. दवंडीला हे आपसूक साधत होते. ती मुळात कानांसाठीच होती.

उपयोजित मराठीत आम्ही जाहिरात शिकवतो, बातमी शिकवतो, इतिवृत्तही शिकवतो. बटणावरचे दोन शब्द मात्र अभ्यासक्रमाबाहेर राहतात आणि त्या दोन शब्दांवर एखाद्या मुलीचे शैक्षणिक वर्ष अवलंबून असू शकते. प्रात्यक्षिकाच्या एका तासाला विद्यार्थ्यांकडून अशा दहा चौकटी लिहून घ्याव्यात, असे आम्हांला वाटते.