पिंपळनेरच्या पन्हळी

साक्रीहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता पिंपळनेरला पोहोचतो, तेव्हा खानदेशचे तापलेले मैदान मागे पडून समोर सह्याद्रीच्या रांगा उभ्या राहतात. याच डोंगरांतून पांझरा उतरते. लाटीपाड्याच्या धरणात थबकते आणि साक्री, धुळे ओलांडून पुढे तापीला मिळते. ताहाराबादमार्गे मांगीतुंगीला जाणाऱ्या यात्रेकरूंना हे गाव परिचित आहे. परंतु बाजारपेठेतून जाताना फारच थोड्यांची दृष्टी वर, छपराच्या कडेकडे जाते.

पांझरेच्या खोऱ्याला पाण्याला वळण लावण्याची जुनी विद्या अवगत आहे. येथील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतोशेती पोहोचते आणि पाटकरी त्याचे वाटप सांभाळतो. सारे काम उताराच्या बळावर चालते. घराच्या छपरावरील पन्हळ म्हणजे याच विद्येचे छोटे रूप होय. पन्हळ हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’ या शब्दापासून आला. मंदिराच्या गाभाऱ्यातील अभिषेकजल बाहेर नेणारी वाटही प्रणालच.

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांना मातीचे सपाट छत असे. त्यावरील पाणी भिंतीबाहेर काढलेल्या लहान परनाळीतून दूर पडे. पुढे पत्रे आणि मंगलोरी कौले आली, छप्पर उतरते झाले आणि वळचणीखाली पत्र्याची लांब पन्हळ बसली. व्यापारी घराला तिचे मोल अधिक, कारण पागोळ्यांचे पाणी ओट्यावर उडाले की दुकानातील धान्याच्या गोण्यांना ओल लागते आणि भिंतीचा पाया खचतो. दोन घरांच्या मधल्या भिंतीवरील सामाईक पन्हळ तर शेजारधर्माची कसोटीच. ती तुंबली की पाणी कोणाच्या अंगणात उतरावे, यावरून पिढ्यांचे सख्य बिघडू शकते. म्हणूनच मृगापूर्वी पन्हळ झाडून घेण्याची रीत आहे. साचलेल्या पाण्यात जीव उपजतात, हेही त्यामागचे एक कारण.

आता ही घरे झपाट्याने उतरवली जात आहेत. स्लॅबच्या इमारतीत पाणी प्लास्टिकच्या नळीतून निमूटपणे खाली जाते. जुन्या घराचे छायाचित्र उरते, पण पन्हळ किती रुंद होती, तिला आधार कोठे होता, नळी कोणत्या कोपऱ्यात उतरे, हे छायाचित्र पुरते सांगत नाही. प्रमाणबद्ध नमुना मात्र ते सांगू शकतो.

असे नमुने करण्याची कला आगगाडीच्या छांदिष्टांनी जोपासली आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. पिंपळनेरला रेल्वे नाही. मात्र वायव्येस नवापूरचे स्थानक आहे, ज्याच्या फलाटावरून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. अशा स्थानकाभोवतीचे गाव छोट्या रूपात उभारताना घरे हुबेहूब वाटतात की पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखी, हे पुष्कळदा पन्हळीवरच ठरते.

रेल्वे नमुन्यांत १ : ८७ हे प्रमाण रूढ आहे. तीन मीटरची भिंत त्यात साडेचौतीस मिलिमीटरची होते. १६ गेजची तार १.६ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल अर्धगोल दाबून बसवली की सुमारे १४ सेंटिमीटर रुंदीची पन्हळ तयार होते. फॉइलची जाडी मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपास असते. ८७ पटींनी ती खऱ्या पत्र्याच्या जवळपास, म्हणजे एक मिलिमीटरच्या घरात जाते. खाली उतरणाऱ्या नळीसाठी १८ गेजची तांब्याची तार घ्यावी. ती चार इंची नळीशी जुळते. आधाराच्या पट्ट्यांना केसासारखी बारीक तार पुरते.

उतार विसरू नये. नऊ मीटर लांबीच्या घराला पाच सेंटिमीटर उतार असेल, तर नमुन्यात तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच अधिक भरतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो, पण अजिबात नसेल तर पन्हळ चिकटवलेल्या पट्टीसारखी दिसते. रंगही सर्वत्र सारखा नसावा. गंज प्रथम सांध्यांवर आणि बाकाच्या खाली चढतो. गळत्या सांध्याखाली भिंतीवर काळा ओघळ उतरतो आणि नळीच्या पायथ्याशी हिरवे शेवाळ धरते. हे डाग योग्य जागी पडले की घरावरून पावसाळे गेल्यासारखे वाटतात.

यासाठी मोजपट्टी, वही आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण एवढीच सामग्री लागते. चातुर्मासात लेकीसुना माहेरी येतात, नातवंडे घरात असतात. जे घर उतरवायचे ठरले आहे, त्याची पन्हळ त्याआधी मोजून घ्यावी. मोजताना आणखी एक हिशेब मुलांना शिकवता येतो : शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी जमते. जुन्या पन्हळीने ते अंगणातील टाकीकडे नेले असेल, तर नव्या घराच्या आराखड्यातही ती वाट राखून ठेवावी.